उणे एक्क्याऐंशी

दामूकाका पायरीवर बसून तिसरी विडी विझवतो.
पडद्यावर गोल फिरतंय.
त्याच्या 'जलकन्ये'च्या डिझेल परताव्याचा अर्ज
सत्तेचाळीस टक्क्यांवर गाळात रुतलाय.
"भरती कधी गो ह्याला?" तो विचारतो.
मला काय ठाऊक.

लॅपटॉप भाच्याने टाकून दिलेला, बारा वर्षांचा.
'ळ'ची कळ उडालीय.
दाभोळ लिहायचं तर आतल्या रबरावर नख रोवावं लागतं,
आणि दाभोळ मला दिवसातून वीसदा लिहावं लागतं.

नौशाद दुपारी आला, जेटीवरून सरळ,
पँटीच्या घड्या अजून ओल्या.
हातात फोन धरून घरभर फिरला,
पाणाडी फिरतो तसा,
थांबत, मागे सरत, स्वतःशीच मान हलवत.
ओटीवर उणे एक्क्याऐंशी.
चुलीपाशी उणे अडुसष्ट.
लोखंडी कपाटाशी उणे एकोणचाळीस.

"सगळं उण्यातच?"
"उण्यातच मोजतात, ताई.
उणं जितकं कमी तितकं बरं.
शून्य कुणाच्याच घरात नसतं."

सासरची माणसं आठवली,
उणंदुणं काढण्यात एकेक पटाईत,
पण मोजायची ही रीत
कुणाला सुचली नव्हती.

राउटर त्या कपाटामागे, जमिनीलगत,
खारं वारं लागू नये म्हणून क्रोशाच्या रुमालाखाली.
रुमाल मीच विणलेला.
नौशादने तो दोन बोटांनी उचलला,
काही बोलला नाही.
मग भिंतीवर टिचकी मारली:
"दीड फूट चिरा. दिवाळी आली तरी आतून ओला.
पाणी पितो तसा हा सगळं पितो."

कपाट ओढलं तर मागे दोन अंडी,
टपोऱ्या साबुदाण्याएवढी, भिंतीला चिकटलेली.
पाच वर्षं पैसे मी भरत होते,
उबेला पाल राहत होती.

फोनवर त्याने डोंगर दाखवले,
एकावर एक चढलेले, रंगीबेरंगी.
आळीतली सगळी घरं सहाव्या वाटेने निघालेली,
ओहोटीला खाडीच्या तोंडाशी
एकाच खोल पाण्यात सगळ्या बोटी घुसाव्यात
आणि कुणाचाच पंखा नीट फिरू नये, तशी.
"अकरा मोकळी आहे," तो म्हणाला, आणि मला तिकडे वळवलं.

"सात फोन लटकलेत. तुमचे किती?"
"एक."
पासवर्ड बदलला
आणि शेजारच्या पडवीत चालू असलेली मॅच गप्प झाली.
(संध्याकाळी नवा पासवर्ड रुबीनाला मीच सांगितला.
बारावी आहे तिची. भावाला देऊ नको म्हटलं.
देईलच.)

राउटर माजघराच्या दारावरच्या फळीवर गेला,
दोन्ही शिंगं उभी करून.
लॅपटॉपचे स्वतःचे कान म्हातारे,
म्हणून त्याच्या कडेला नखाएवढा डोंगल खोचला,
साडेतीनशे रुपयांचा,
भिकबाळी घालावी तसा.

ओटीवर उणे छप्पन्न.
वेग मोजला. आधी एकही धड नव्हता. आता नऊ.
नौशादचा चेहरा पडला.
"आळीत लोक चाळीस घेतात, ताई.
ह्या लॅपटॉपला एवढंच झेपेल.
आणि फळीवर खारं वारं लागणार,
दोन वर्षांत गंजेल तो."
मी म्हटलं, दोन वर्षं पुष्कळ झाली.
चहा घेतला नाही त्याने, रोजा होता.
कोणता ते मी विचारलं नाही.

अठ्ठेचाळीस. साठ.
मग मधले आकडे न दाखवताच शंभर,
आणि पावती क्रमांक, चौदा आकडी.
चिटोऱ्यावर उतरवून बाहेर आले
तर पायरीवर तीन थोटकं, माणूस नाही.
खाडीत पाणी चढलेलं.
'जलकन्या' दांड्याच्या पलीकडे पोचली असावी,
एक निळा ठिपका, कदाचित दुसऱ्याच कुणाची.

आत पाल चुकचुकली.
सवयीने कृष्ण कृष्ण म्हटलं.
मग लक्षात आलं, जागा थंड झालीय तिची.
रुमालाच्या चार घड्या केल्या
आणि कपाटामागे, अंड्यांच्या खाली,
हात पोचला तिथवर सरकवला.